डोकी मोजणारे मस्यू

शारजात बाल्कनी सकाळी पुसली तरी संध्याकाळपर्यंत तिच्यावर रेतीचा थर बसतोच. आमच्या सायकल टीममधले किस्से तसेच साचत गेले. रेस असली की पाच-पाच तास रायडर पुढे आणि आम्ही मागे गाडीत. बोलायला दुसरं काय असतं? मी टीमचा मेकॅनिक. मिरजेत वडिलांचं सायकलचं दुकान होतं, तिथे हात काळे करायची सवय लागली ती इथवर घेऊन आली. शुक्रवारी मित्र जमले की म्हणतात, "दिलीप, तुझ्या मस्यूंचं काहीतरी सांग." मस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब. आमचे मॅनेजर, पूर्वीचे रायडर. सांगतो, पण दर वेळी हसायला येईलच असं नाही.

*

मस्यू अकरा वर्षं प्रोफेशनल रायडर होते आणि अकरा वर्षांत एकही रेस जिंकले नाहीत. त्यांचं काम पाणक्याचं. मागे टीमच्या गाडीपाशी यायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, दम लागेपर्यंत पॅडल मारत पुन्हा पुढे जायचं आणि लीडरला पाणी द्यायचं. जिंकणार लीडर, फोटोही त्याचाच.

अबुधाबीत एका पत्रकार बाईंनी विचारलं, "तुमच्या करिअरमधला सगळ्यात मोठा विजय कोणता?"

मस्यूंनी बराच विचार केला. म्हणाले, "माझ्या हातची बाटली कुणाला गरम लागली नाही."

बाईंना वाटलं गंमत करतायत. मस्यू मुळीच गंमत करत नव्हते.

*

त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. मी एकदा विचारलंच. रेसच्या मधेच पडले होते, कॉलरबोन मोडलं. तसेच उठून नव्वद किलोमीटर गेले, आणि वाटेत दोनदा मागे येऊन बाटल्याही नेल्या.

मी म्हटलं, "मस्यू, थांबला का नाहीत?"

"मला कुणी थांब म्हणालं नाही," ते म्हणाले आणि पुन्हा टायरची हवा बघायला लागले.

*

आता मोजणीचं. आमच्या टीममध्ये रायडर सात. मस्यू त्यांना दिवसातून दहा वेळा मोजायचे. एअरपोर्टवर, पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या लॉबीत. प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. सात भरल्याशिवाय बस हलायची नाही की कुणी जेवायला बसायचं नाही. रायडर वैतागायचे. आमचा लीडर यान तर तोंडावर म्हणायचा, "आम्ही काय नर्सरीची मुलं आहोत?"

एकदा अबुधाबीच्या हॉटेलात सगळे लिफ्टमध्ये शिरले. मस्यू दारातून टपल्या मारत गेले. पाच, सहा, सात, आणि आठ. आठवे एक धिप्पाड अरब गृहस्थ होते, पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्यात. 

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हबीबी, मी फक्त चौथ्या मजल्यावर चाललोय."

हा किस्सा सांगितला की मित्र पोट धरून हसतात. मीही हसायचो, शारजातल्या त्या जेवणापर्यंत.

*

गणपतीत मी त्यांना घरी बोलावलं. बायकोनं पुरणपोळ्या केल्या होत्या. ताटं वाढली आणि मस्यूंनी आम्हालाच मोजलं. मुलगी दुबईहून ऑफिसमधून निघाली होती आणि रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. एक कमी! मस्यू ताटाला हात लावेनात. पाऊण तास तसेच बसून राहिले, दाराकडे बघत. बायको स्वयंपाकघरात मला म्हणाली, "माझी पोरगी, आणि काळजी ह्यांना?"

मुलगी आली, मस्यूंनी पुन्हा सगळ्यांना मोजलं. तिनं माझ्या कानात विचारलं, "पपा, व्हाय इज ही काउंटिंग अस?"

मस्यूंना ते ऐकू गेलं. त्यांनी सांगितलं, कसलाही आव न आणता. त्यांच्या टीममध्ये त्यांच्यासारखाच एक पाणक्या होता. दोघं सहा वर्षं एका खोलीत राहायचे. एका रेसमध्ये घाटाच्या उतारावर तो रस्त्याबाहेर गेला, खाली दरीत, आणि कुणाला दिसला नाही. लीडरला वाटलं तो घोळक्यात मागे आहे. घोळक्याला वाटलं, दमून गाडीत बसला असेल. गाडीतल्यांना वाटलं, पोचला असेल. बस हॉटेलवर गेली. मस्यू त्याची बॅग खोलीत ठेवून आले. वाटलं, मालिशवाल्याकडे असेल.

"सूप आलं होतं," मस्यू म्हणाले. "मी दोनदा घेतलं. मग पोलिसांचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तो दोन तास जिवंत होता."

माझ्या मुलीनं उठून त्यांना पोळी वाढली आणि वर तूप घातलं. त्यानंतर आमच्या घरात मोजणीवर कुणी हसलं नाही.

*

आमचा स्पॉन्सर म्हणजे उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारी कंपनी. सीझनच्या सुरुवातीला डायरेक्टर साहेब ऑफिसात आले आणि उभ्या उभ्या बोलले, "देखो मस्यू, दोन वर्षं झाली. ह्या वर्षी एक तरी रेस जिंका. एक. नाहीतर खलास."

मस्यू म्हणाले, "इन्शाल्ला."

साहेब म्हणाले, "इन्शाल्ला नको, जिंका."

खलास म्हणजे मस्यूंची नोकरी, आणि माझीही. माझा व्हिसा टीमचा, बायकोचा व्हिसा माझ्यावर. त्यानंतर मी चाकं दोनदा तपासायला लागलो.

*

सीझनची शेवटची रेस. तोवर आम्ही एकही जिंकलो नव्हतो. वाळवंटातला सरळ रस्ता, आडवा वारा, हवेत रेती. आणि त्या दिवशी यान सगळ्यांच्या पुढे निघाला. बरोबर दुसऱ्या टीमचा एकच गडी, तोही दमलेला. तीस किलोमीटर उरले होते. मी गाडी चालवत होतो, मस्यू बाजूला रेडिओ घेऊन. दुसरी गाडी डायरेक्टर साहेबांना घेऊन आधीच फिनिशला गेली होती. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ कबूल केला.

मस्यू रेडिओवर एकेकाला हाक मारत होते. सहा जणांनी उत्तर दिलं. टोमासनं नाही. टोमास चौतीस वर्षांचा, आमचा पाणक्या.

"मागे वाऱ्यात काही जण पडले होते," मस्यू म्हणाले.

मी म्हटलं, "झाडूगाडीत असेल मस्यू, आणखी कुठे जाणार?" थकलेल्यांना गोळा करत शेवटून येणाऱ्या व्हॅनला आम्ही झाडूगाडी म्हणतो.

"गाडी बाजूला घे."

"मस्यू, यानच्या मागे आपली दुसरी गाडी नाही. पंक्चर झालं तर चाक कोण देणार?"

"दिलीप, बाजूला घे."

मला त्यांचा असा राग आला की स्टिअरिंगवर हात आपटला. पण गाडी घेतली बाजूला. सगळी रेस आमच्या समोरून गेली. शेवटी झाडूगाडी आली. तिला थांबवलं, दार उघडलं. आत तिघं होते. टोमास नव्हता.

मग मस्यूंनी सांगायच्या आतच मी गाडी वळवली. वीस किलोमीटर आम्ही दोन्ही बाजू बघत गेलो. एका वळणाशी रेतीत आमच्या टीमची बाटली दिसली. मस्यू गाडी थांबायच्या आत उतरले आणि झुडपांमधून हाका मारत चालायला लागले, डावा खांदा खाली, बूट रेतीत रुतत. मीही ओरडत होतो. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना.

फोन वाजला. फिनिशवरून आमचा मालिशवाला. टोमास तिथे होता. पडताना त्याचा रेडिओ तुटला, गुडघा फुटला, तर दुसऱ्या एका टीमच्या गाडीनं त्याला उचललं आणि हायवेनं थेट फिनिशला आणून सोडलं. त्यांच्या बसमध्ये एसीत बसून गार ताक पीत होता. आणि यानला सहा किलोमीटर राहिले असताना पंक्चर झालं. चाक मिळेपर्यंत सगळे पुढे निघून गेले.

फिनिशला पोचलो तेव्हा डायरेक्टर साहेब बसच्या दारात उभे होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "ताक पिणाऱ्या माणसासाठी तुम्ही माझी रेस घालवली. खलास. उद्यापासून येऊ नका."

मस्यू त्यांच्या बाजूनं बसमध्ये चढले. टपल्या मारत मागेपर्यंत गेले. यान खिडकीकडे तोंड करून रडत होता, त्यालाही टपली. शेवटच्या सीटवर टोमास, गुडघ्याला पट्टी. त्याच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ राहिला.

"सात," मस्यू म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यल्ला दिलीप, जेवायला."