मंजुरीचा ओटीपी

आमच्या लकडगंजच्या वखारीला फोन-इंटरनेट मिळवून देणारा दलाल उठता-बसता ‘आपल्या घरचंच काम’ म्हणतो. माझ्याकडून दमडी घेत नाही, त्याचं कमिशन त्याला कंपनी देते. दर मी स्वतः ताडून पाहिले होते. ते चोख होते.

लाइन सारखी बंद पडू लागली म्हणून जुनेच नंबर ठेवून मी कंपनी बदलायला निघालो, तर मंजुरीचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला. आमच्या खात्याला त्याने परस्पर स्वतःचा नंबर लावला होता. काटोलपर्यंतची गिऱ्हाइकं ज्या नंबरांवर फोन करतात, ते त्याच्या मुठीत.

“तुझा नंबर काहून लावला गा?” त्याला वखारीत बोलावून मी विचारलं.

“तुमाले ताप नको म्हणून, भाऊ. साऱ्याच गिऱ्हाइकांचं असंच करतो.”

“ओटीपी सांग.”

त्याने मोबाइल काढला, ओटीपी मनातच वाचला आणि मोबाइल पुन्हा खिशात ठेवला.

“सांगतो ना. नवी कंपनीबी माझ्याकडूनच घेऊन राहिले ना?”