सिद्धोबाची नाव आणि सोजरबाई

भीमेच्या उतारावर, जिथून नाव पलीकडे जाई तिथं, सोजरबाई कुणाशी गोड बोलल्याचं मंद्रूपच्या बाजूला कुणाला आठवत नव्हतं. नवरा पटकीत गेला, तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तिनं नावेचा बांबू हातात घेतला. माणसं, शेरडं, मिरचीची पोती ती पलीकडे विजापूरच्या हद्दीत पोहोचवी. कुणी चिखलाचा पाय नावेच्या काठावर ठेवला, तर त्याला खाली उतरवून पाय धुवायला लावी.

तिचा खरा राग होता तो उतारावरच्या पत्र्याच्या इमारतीवर. १९३१ साली इनामदारांनी तिथं संग्रहालय काढलं. आत तीन नावा ठेवल्या. दोन त्यांच्या आजोबांच्या, मिरवणुकीच्या, मोराच्या तोंडाच्या. तिसरी सिद्धोबाची. मार्गशीर्षात देवाची पालखी या नावेतून पलीकडच्या काठावर बहिणीला भेटायला जाई, आणि बांबू धरायचा मान सोजरबाईच्या सासरचा. एरवी वर्षभर ही नाव तिच्या झोपडीमागच्या डबक्यात अर्धी बुडालेली असायची. देवाची नाव चिखलात लोळते, हे इनामदारांना बघवेना. त्यांनी ती उचलून नेली.

संग्रहालयावर नेमलेले मुकुंदराव पूर्वी सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत होते. त्यांनी नाव खरवडून घेतली, रोगण लावलं, पुढं पाटी ठेवली. दहा महिने ती पत्र्याखाली तापत राहिली. मार्गशीर्ष जवळ आला तसा इनामदारांचा निरोप आला, की बाईमाणसानं देवाची नाव न्यावी हे बरं दिसत नाही, यंदा वाड्यावरचे दोन गडी नेतील.

सोजरबाई तशीच नावेतून उतरून संग्रहालयाच्या दारात गेली. मुकुंदरावांनी तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"ओल्या पायांनी आत यायचं नाही."

तिनं बाहेरूनच पाहिलं. देवाच्या नावेच्या फळ्यांमधून पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसत होता. भांडायला आलेली बाई भांडण विसरली.

"लाकूड सुकलंय, रावसाहेब. आट दिस पान्यात बुडवून ठिवा. फुगलं की सांदे मिटतील."

"मान गेला म्हणून आता देवाची नाव बुडवायला निघालीस होय?"

हे त्यांनी गावभर सांगितलं. चावडीवर लोक हसले. नावेतले उतारूसुद्धा विचारू लागले, की सोजरबाई, देवाला कधी बुडवणार? तिनं त्यातल्या दोघांना परत काठावर उतरवलं. नावेबद्दल मात्र ती पुन्हा कुणाशी बोलली नाही.

पालखीच्या दिवशी ती आपली नाव जरा लांब लावून मिश्री लावत बसली. देवाची नाव पाण्यात उतरली. रोगण चकाकत होतं. आत पालखी, पुजारी शिवलिंगप्पा, दोन गडी आणि फेटा बांधलेले मुकुंदराव. वीसेक हात गेली असेल, तोवर आत घोट्याएवढं पाणी आलं. मग नाव तळाला टेकली. गड्यांनी पाण्यात उतरून पालखी खांद्यावर घेतली. पण काठ सोडलेली पालखी भेटीवाचून मागं वळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

शिवलिंगप्पांनी हाक मारली. सोजरबाईनं तोंड धुतलं, चूळ भरली, मग बांबू उचलला. नाव पालखीपासून हातभर लांब थांबवून ती म्हणाली, "नेते की. पन बांबू माजा, आन दरसाल माजाच. हे इनामदारांनी सांगावं."

काठावरून इनामदारांनी मान डोलावली.

"हितनं मला मान दिसत न्हाय."

इनामदारांना सगळ्या गावासमोर ओरडून सांगावं लागलं. मगच नाव पुढं आली. पालखी चढली, पुजारी चढले. मुकुंदराव कमरेएवढ्या पाण्यात धोतर सावरत उभे होते. त्यांनी काठाला हात घातला, तसा तिनं बांबू आडवा धरला.

"ओल्या पायानं आत यायचं न्हाय."

कुणी हसलं नाही. शेरडांच्या वासाच्या त्या नावेतून सिद्धोबा बहिणीकडे गेला.

पुढच्या वर्षीपासून पालखीआधी आठ दिवस देवाची नाव सोजरबाईच्या डबक्यात बुडू लागली. मुकुंदराव रोज काठावर येऊन ती जागेवर आहे का पाहत. दोघं बोलत नसत. पलीकडे काम निघालं, तर ते बैलगाडीनं सहा मैलांवरच्या दुसऱ्या उताराला जात.