सांगलीच्या पुरात चिकटलेला क्लच

पूरमदतीसाठी आमची तुकडी सांगलीला आली तेव्हा मी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईमध्ये हवालदार होतो, व्हेईकल मेकॅनिक. गाव माझं औंधजवळ. आपल्याच मुलखात ड्युटी लागण्याची सर्व्हिसमधली ती एकमेव वेळ. विश्रामबागेतल्या एका शाळेत तळ होता. वर्गांत पूरग्रस्त कुटुंबं, मैदानात आमच्या गाड्या. सकाळी फॉल-इन, गाड्यांची तपासणी, मग बोटी पाण्याच्या कडेला पोचवायच्या.

बोटीच्या ट्रकवर नाईक धोंडिराम ड्रायव्हर होता. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोलायला कमी. त्या ट्रकचा क्लच जळाला म्हणून आम्ही दोघांनी पावसात गिअरबॉक्स उतरवला आणि नवी प्लेट बसवली. गाडी चालवून बघायची राहिली, कारण तेवढ्यात मैदानात पाणी चढलं. ते उतरेपर्यंत ट्रक रात्रभर तसाच पाण्यात उभा राहिला.

सकाळी रेडिओ वाजला. नदीकाठच्या मळ्यात दोन कुटुंबं पत्र्यावर अडकली होती. त्यांत एक दिवस भरलेली बाई. पाणी वाढत होतं.

"बोट कितनी देर में? ओवर."

बोटीचा दुसरा ट्रक मिरजेकडे गेला होता. धोंडिरामनं इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. गिअर पडेना, नुसता खरखराट. पेडल दाबल्यावर इंजिन गिअरबॉक्सपासून सुटायला हवं, ते सुटत नव्हतं.

मी ट्रकखाली शिरलो. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाब लागण्याआधीची मोकळी हालचाल, बरोबर होता. क्लचच्या तेलाच्या लाइनमधली हवा काढून पाहिली, हवा नव्हती. धोंडिराम पेडल दाबत होता तसा क्लचला ढकलणारा पुशरॉड पुरता सरकत होता. म्हणजे दोष आत. एक तर प्लेट ओलीनं इंजिनच्या चाकाला, फ्लायव्हीलला, चिकटली होती, नाही तर आम्ही ती उलटी बसवली होती. खोलून बघायला अर्धा दिवस लागला असता.

सुभेदार साहेबांना मी सगळं सांगितलं. प्लेट चिकटली असेल तर गाडी गिअरमध्येच स्टार्ट करून, क्लच दाबून धरून, झटके दिले की ती सुटेल. उलटी असेल तर आतलं सगळं तुटेल. रेडिओवर पुन्हा बोटीची विचारणा झाली. साहेब म्हणाले, "करो."

जवानांनी माणसांना मैदानातून वर्गांत नेलं. समोर शाळेची भिंत होती आणि क्लच सुटला नाही तर गाडी ब्रेकवरच थांबवायची होती. इंजिन गरम करून बंद केलं. धोंडिरामनं दुसरा गिअर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वस्ताद, प्लेट तुमीच धरली हुती न्हवं?"

"व्हय."

"मग सुलटीच असंल."

त्यानं स्टार्टर मारला. ट्रक उसळून पुढं गेला. पेडल तळाला, ॲक्सिलरेटर दाबून सोडला, करकचून ब्रेक. काही नाही. पुन्हा तेच. भिंत जवळ आली. त्यानं शेवटचा ब्रेक मारला, खालून बंदुकीसारखा आवाज आला, आणि ट्रक भिंतीपाशी थांबला. इंजिन मात्र चालूच होतं. क्लच सुटला होता. धोंडिरामनं रिव्हर्स टाकला. गिअर लोण्यासारखा पडला.

कमरेएवढ्या पाण्यातून त्यानं बोट नेली. दुपारी दोन्ही कुटुंबं शाळेत आली. बाई सिव्हिलमध्ये सुखरूप बाळंत झाली.

पुढं लडाखमध्ये रेशन घेऊन जाताना धोंडिरामच्या गाडीवर दरड कोसळली. मागचा गाड्यांचा कॉन्व्हॉय त्यानं हॉर्न वाजवून थांबवला होता. स्वतःला बाहेर पडता आलं नाही.

सुट्टीवर आल्यावर मी त्याच्या वस्तीवर गेलो. आईला सांगलीची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊकच नव्हती.

"आमाला काय बोल्ला न्हाई," ती म्हणाली. "पत्र्यावरची माणसं समदी आली?"

"आली, आई."

"समदी?"

"समदी."

तिनं पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला आत गेली.