पायांना ठाऊक असलेली वाट

दिग्गी गावाला जाणारी एकमेव बस चुकली, म्हणून मी कुंभारवाड्याहून जंगलातून चालत निघालो. दिग्गीचाच एक म्हातारा सोबतीला मिळाला. कमरेला कोयता, पाय अनवाणी. वाटेतल्या एका दगडावर त्याने रानदेवाला हिरवी डहाळी वाहिली आणि पुढे झाला.

दिवस कलला होता. कडेचं वारूळ ताजं उकरलेलं दिसलं. वाळवीसाठी ते उकरणारं अस्वल जवळच असणार. पुढे वाट फुटली तेव्हा मी घाबरून विचारलं, "मामा, डावीकडं की उजवीकडं?"

तो थबकला. दोन्हीकडे बघत राहिला. झाडीत काहीतरी मोडलं.

"इचारलंसा आनि घोळ झाला," तो पुटपुटला. "वाट पायांस्नी ठावी हाय, मला न्हाई."

आम्ही त्या दगडापर्यंत मागे आलो. त्याने नवी डहाळी वाहिली आणि पुन्हा चालू लागला. या खेपेला मी तोंड उघडलं नाही. फाट्यावर तो न थांबता डावीकडे वळला.

माझे वडील कसे होते, असं कुणी विचारलं की मला आजही त्यांचा चेहरा आठवत नाही. पण घराची कडी लावून मी ती नकळत, ते बघायचे तशीच, दोनदा ओढून बघतो, तेव्हा तो हात त्यांचाच असतो.