चौदा पॉइंट दोन

माझ्या बायकोच्या मामांनी बॉनेटखाली डोकं घातलं नाही अशी गाडी सोलापुरात सापडायची नाही, आणि त्यांना चालवता येते अशीही एक सापडायची नाही. स्वतः आयुष्यभर सायकलवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात वायरमन होते. तिथून रिटायर झाले ते वीज मोजायचा एक मल्टीमीटर खिशात घालूनच. त्याच्या लाल-काळ्या वायरी खिशातून बाहेर लोंबत असतात. नव्या माणसाला वाटतं, बिचाऱ्यांच्या छातीला काहीतरी जोडलंय.

मामांची चिंता एकच: गाडीचा अल्टरनेटर बॅटरी नीट चार्ज करतो की नाही. गाडी सुरू होतेय ना, मग झालं, असं त्यांच्यासमोर म्हणून बघा! "सुरू बॅटरीवर होती वो, पळती अल्टरनेटरवर. उद्या मोहोळच्या पुढं माळावर बंद पडली की कुनाला हाक मारनार?" मग बंद गाडीच्या बॅटरीला मीटर लावायचा, आकडा साडेबारा व्होल्टच्या वर पाहिजे. इंजिन सुरू केलं की तो चौदाच्या आसपास चढला पाहिजे. मग हेडलाइट, एसी, वायपर सगळं एकदम लावायचं, हॉर्न दाबून धरायचा, आणि तरी आकडा साडेतेराच्या खाली येता कामा नये. भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर करकरतायत, दिवे जळतायत, मी हॉर्न दाबून बसलोय आणि आख्खी गल्ली गॅलरीत आलीय, ही माझी दर रविवारची शोभा. एकदा एका मेकॅनिकनं चालू गाडीच्या बॅटरीची वायरच उपसून दाखवली, बंद पडत नाही म्हणजे अल्टरनेटर चांगला, म्हणाला. मामांनी त्याचा हात धरला. "नाडी बघायला गळा दाबतो का रं? आतली सगळी इलेक्ट्रॉनिक जळंल की!" त्या गॅरेजवरून आता मामा सायकलनं जातानासुद्धा मान वळवतात.

शेजारच्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. पाठवणीची वेळ, मुलगी आईच्या गळ्यात, बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले, आणि मामांनी सजवलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं. झेंडूच्या माळा खाली. नवरदेव हॉर्न दाबतोय, वऱ्हाड मीटरभोवती, रडणं आपोआप थांबलेलं. मामांनी शांतपणे वायरी गुंडाळल्या आणि जाहीर केलं, "चौदा पॉइंट दोन. हां, आता रडा."

मामी होत्या तेव्हा ही तपासणी दहा मिनिटांत उरकायची. पाहुण्यांना थांबवायचं काम मामींचं होतं. कुणी उठलं की त्या दारात आडव्या उभ्या राहून कानडीत म्हणायच्या, "ऊटा माडी होग्री," जेवून जा, आणि जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मामांना असलं काही बोलता येत नाही. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या आणि मामांच्या नियमांत एका कलमाची भर पडली: नुकत्याच थांबलेल्या गाडीचा आकडा खोटा असतो, बॅटरी तीन तास निवांत पाहिजे. मी चौकशी केली, नियम खरा निघाला. तो इतकी वर्षं कुठं होता, हे मात्र मी त्यांना विचारलं नाही.

त्यांना एकुलती एक लेक. ती पुण्यात असते, सासर गुलबर्ग्याकडं. वर्षातनं दोन-तीनदा सासरी जाताना वाटेत मामांकडं उतरते, एवढीच काय ती भेट. "अप्पा, घाई आहे हं," म्हणत ती यायची आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची. मग तीन तास. मामा धपाटे थापायचे, जावई पेपर वाचायचा, लेक आईच्या पलंगावर पडून झोप काढायची.

यंदा ती आली तेव्हा मी तिथंच होतो. नवी कोरी पांढरी गाडी. मामा मीटर काढून तयारच. जावयानं बॉनेट उघडलं, मामांनी वाकून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"अल्टरनेटर कुटं हाय?"

"नसतो, मामा. हिला इंजिनच नाही. इलेक्ट्रिक आहे," जावई म्हणाला.

मामांनी वायरी गुंडाळून मीटर खिशात ठेवला. चहा झाला. अंधाराच्या आत पोचायचंय म्हणून लेक निघाली. अर्धा तास झाला नव्हता. धपाट्याचं पीठ परातीत तसंच होतं. मामा फाटकाला धरून उभे राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "जावयाला विचारून सांगा की. ती गाडी घरातल्या पिनवर लावली तर चार्जिंगला किती वेळ लागतो?" मी विचारून सांगितलं: रात्रभर, आठ-दहा तास. पलीकडून हळूच, "दहा तास?"

आठवड्यात त्यांनी फाटकापाशी जाड वायरीचा पॉइंट काढला, वर पत्र्याची झाकणी बसवली. अर्थिंग पक्कं हवं म्हणून तुळशीशेजारी खड्डा खणून तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा पुरला. तिथली माती ओली लागते, म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी तुळशीला आणि तांब्याभर अर्थिंगला. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, हायवेवर अर्ध्या तासात होतं चार्जिंग." मामा म्हणाले, "घाईनं केल्यालं बॅटरीला सोसत न्हाई. सावकाश करायचं असतंय." त्यावर ती "बघते," म्हणाली. तेव्हापासून मामा रोज पॉइंटला मीटर लावून बघतात, वीज येतेय ना.

परवा त्यांच्याकडं पाच मिनिटांसाठी गेलो होतो. झाकणी पुसून ठेवलेली होती, अर्थिंगची माती ओली होती. मी किल्ली घेऊन उठलो, तर मामा म्हणाले, "निघा. तुमची गाडी मागच्याच रविवारी बघितलीया." त्यांनी खिशाला हातसुद्धा लावला नाही.

माझा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना.

"मामा," मी म्हणालो, "दिवे जरा मंद वाटतात हो. पण गाडी आत्ताच थांबलीय. आकडा खोटा येईल ना?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"येनारच की," म्हणाले. "तीन तास लागतील." आणि परात काढायला आत गेले.