मामंजींच्या चाकूची मूठ

शिसवी लाकूड घासल्याचा वास आला की मला पनवेलचं आमचं स्वयंपाकघर आणि नव्वदच्या दशकातली माझी अक्कल, दोन्ही आठवतात. अर्धांगवायूनंतर सासऱ्यांना उजव्या हातात त्यांचा घडीचा चाकू धरवेना, आणि दुसऱ्याने कापलेला आंबा ते तोंडात घेईनात. हंगाम संपत आला तरी त्यांनी एक फोड खाल्ली नव्हती. शेवटी मी माझं शिसवी लाटणं करवतीने उभं चिरलं, घासलं, चाकूला दोन्ही बाजूंनी जाड मूठ बसवली. आणि बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, गोंद लावला तो पातं मिटलेलं ठेवूनच! गोंद आत झिरपला, पातं उघडेना. रॉकेल ओतलं, खोबरेल ओतलं, नख तुटलं, दात लावले, रडले. तेवढ्यात बाहेरून हाक, "सूनबाई, झाला का चाकू?" तसाच नेऊन दिला. "उघडत नाही हो, मामंजी." त्यांनी बोटं आवळली. चाकू हातातून निसटला नाही. मग म्हणाले, "धरता येतोय की. विळी आण, आज तू काप." आता नातवंडं विचारतात, "आजी, तुला सुतारकाम येतं?" म्हणते, "येतं की! फक्त उघडायच्या वस्तू आणू नका."