गवताच्या माळ्यावरचा नाजूकराव

आमच्या मामाला सगळा गोठा नाजूकराव म्हणायचा, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द मामीनं.

गाईंच्या मोठ्या गोठ्यात मामा चाऱ्याच्या कामाला होता. माळ्यावर चढायचं, दाबून भरलेलं गवत उपसायचं, झटकून खाली टाकायचं. खाली धारा काढणाऱ्या मामीला धुळीत तो दिसायचाच नाही, नुसतं खोकणं ऐकू यायचं. दिवस कलला की त्याला हुडहुडी भरायची, ताप चढायचा, छाती आवळून यायची. एखाद-दोन दिवस अंथरुणात काढले की पुन्हा ठणठणीत. पुन्हा माळा, पुन्हा ताप.

आणि सुट्टी घेऊन आमच्याकडे, म्हणजे माझ्या आईकडे आला की काय विचारता! एका खांद्यावर मी, दुसऱ्यावर धाकटा भाऊ, अशी आमची स्वारी अंगणभर फिरायची. आई ओरडायची, "अरे, पाठ मोडेल!" तो म्हणायचा, "ताई, मी वासरं उचलणारा माणूस. ही तर मांजरं!" त्याच्या सदऱ्याला सुक्या गवताचा वास यायचा. मला जगात तो वास सगळ्यात आवडायचा. काय दिवस होते ते! अजूनही कुठं गवताचा भारा दिसला की माझे पाय थांबतात.

मामीला मात्र हे खुपायचं. "बहिणीकडे वाघ आणि गोठ्यात शेळी! ताप बरा कामाच्याच दिवशी येतो?" तिचं तरी काय चुकलं? दिसत तर तसंच होतं. बाकीचे गडीही हसायचे, "नाजूकराव आले, गादी घाला!" मामाला ते फार लागायचं. पण एक नंबरचा हट्टी माणूस! आपण अंग चोरत नाही हे दाखवायला तो कोपऱ्यातलं जुनं, पांढरी बुरशी धरलेलं गवत मुद्दाम स्वतः उपसायला लागला. वाऱ्यानं धूळ गाईंच्या अंगावर जाते म्हणून खिडकीही लावून घ्यायचा. तोंडाला काही बांधायचं? छे! मग तर लोक आणखीच नाजूक म्हणतील.

अशी कितीतरी वर्षं गेली. पुढे पुढे आमच्याकडे येऊनही त्याला बरं वाटेना. आमचं खांद्यावर बसायचं वय सरलं होतं, पण तो अंगण ओलांडतानाही मध्येच थांबायचा. शेवटी आईनं त्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मामी आणि मीही गेलो.

बाईंनी छातीचा फोटो बघितला आणि ताप कधी येतो ते विचारलं. मामा मान खाली घालून बसला. मामीच म्हणाली, "अहो, कामावर गेले की येतो. घरी बसले की जातो."

"जाणारच," बाई म्हणाल्या. "ताप गवतातूनच येतोय. नीट न वाळलेलं गवत भरलं की त्याला बुरशी धरते. झटकलं की तिची बारीक पूड थेट फुप्फुसात जाते. सुरुवातीलाच माळा सोडला असता तर तुम्ही बरे झाला असतात. आता फुप्फुस आकसलंय. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं. माळ्यावर पाऊलही ठेवायचं नाही."

"आणि बाकीच्या गड्यांनी?" मामीनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"गवत खडखडीत वाळवूनच भरा. खिडक्या सताड उघड्या ठेवा. उपसण्याआधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही. साधा रुमाल उपयोगाचा नाही, नाकावर घट्ट बसणारा धुळीचा मास्क हवा. आणि कामानंतर कुणाला असा ताप आला, तर हसू नका. इकडे घेऊन या."

आई डोळे पुसत होती. आणि मामा? त्याचा चेहरा चक्क उजळला होता! तो मामीकडे वळला आणि मध्ये दोनदा थांबून, श्वास घेत म्हणाला, "ऐकलंस ना? मी अंग चोरत नव्हतो."

"नव्हतात हो," मामी म्हणाली, आणि तिथंच, डॉक्टरीणबाईंच्या समोर, हुंदके देऊन रडायला लागली.